दहाचा चहा

बाबा चुकीच्या ट्रेनमध्ये उभे होते. दोन डब्यांमधल्या काचेच्या दारातून नुपूरला आधी फक्त हात दिसला, पलीकडच्या डब्यातल्या कडीला लटकलेला, आणि तेवढ्यावरूनच तिने ओळखलं. गुरुवार होता. सकाळचे सात चाळीस. ह्या वेळी बाबा उलट्या दिशेच्या ट्रेनमध्ये हवेत, बंदराकडे जाणाऱ्या, गळ्यात संशोधन संस्थेचं कार्ड, चौथा डबा, दुसरं दार. अकरा वर्षं हेच. कोबेमध्ये भूकंप झाला तरी लक्ष्मीकांत केळकर आधी त्या दारापाशी जाऊन उभे राहतील, मग हादरतील, असं आई म्हणायची. आणि आज ते इथे, बगलेत ती जुनी तपकिरी ऑफिसबॅग, दुसऱ्या हातात आईची फुलाफुलांची उन्हाची छत्री. मान मुद्दाम खिडकीकडे वळवलेली. म्हणजे त्यांनी तिला बघितलं होतं, आणि तिने बघू नये म्हणून ते बाहेरच्या त्याच त्या छपरांकडे बघत होते. नुपूरला वाटलं, दार सरकवून जावं आणि विचारावं, काय पाळत ठेवताय? परीक्षा माझी आहे ना? तिच्या पायाशी बादली होती, बादलीत भिजवून आणलेली काळी दोरी, खांद्याला करवत, हातोडा, लेव्हल. पायात गड्यांचे ते अंगठा वेगळा असलेले काळे बूट. गर्दी असूनही तिच्या शेजारची सीट रिकामीच होती. ती उठली नाही. पण नजर पुन्हा तिकडे गेलीच. बाबा अंगठा रुमालाला घासत होते. घासायचे, बघायचे, परत घासायचे. काय लागलंय त्यांना, असं एकदा मनात आलं आणि स्टेशन आलं.

आज निकाल लागणार नव्हता, पण निकाल जो काही असेल तो आजच ठरणार होता. बागकामाच्या कौशल्याची सरकारी परीक्षा, तिसरी श्रेणी, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. दोन मीटरच्या चौकोनात बांबूचं कुंपण घालायचं, दगडाची कड बसवायची, फरशा टाकायच्या, तीन झुडपं लावायची, माती सारखी करायची. वेळ दोन तास. वर अर्धा तास मिळतो, पण मिनिटागणिक मार्क कापतात. पास झाली तर निशिवाकी ओयाकाता, म्हणजे तिचे उस्ताद, तिला कायमची कामावर घेणार होते. नापास झाली तर पुणे. हे मार्चमध्ये जेवणाच्या टेबलावर ठरलं होतं. बाबांनी चष्मा काढून ठेवला होता. चष्मा काढला म्हणजे शेवटचं बोलणं. "एक चान्स, नुपूर. जुलैची परीक्षा. पास झालीस तर मी ह्या विषयावर एक अक्षर बोलणार नाही. नाही झालीस तर नरेंद्रकाकांकडे जायचं, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बारावी करायची. मान्य?" ती म्हणाली, "मान्य. पण लेखी द्या." आई पोळीचा तुकडा तोंडात धरून हसली, आणि बाबांनी खरंच कागद आणला. तो कागद अजून फ्रिजवर होता, कचऱ्याच्या वेळापत्रकाच्या शेजारी.

'सोडून देतेस तू.' हे त्यांचं वाक्य. ओरडत नसत ते कधी, ओरडले असते तर बरं, उलटं ओरडता आलं असतं. ते यादी करत. स्विमिंग सोडलंस. व्हायोलिन सोडलंस. मग शाळा. शाळेची गोष्ट वेगळी होती, पण यादीत गेली की सगळं सारखंच दिसतं. शाळेत रोज दुपारी सगळ्यांनी मिळून वर्ग साफ करायचा, आणि त्या ग्रुपमधल्या तिघी रोज ओलं फडकं तिच्याच हातात द्यायच्या. एक दिवस त्यातली एक म्हणाली, तुझ्या हातावर मळ दिसत नाही ना, म्हणून. बाकीच्या हसल्या. नुपूरने बादली उचलली आणि तिच्या डोक्यावर रिकामी केली. सरांनी पाच पानांचं चिंतन लिहून आणायला सांगितलं, मी कुठे चुकले ह्यावर. तिने एक ओळ लिहिली : पाणी थंड होतं, त्याबद्दल सॉरी. दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म घालून घरातून निघाली आणि शाळेचं स्टेशन आलं तेव्हा उठलीच नाही. पाय उठलेच नाहीत. असे नऊ दिवस गेले. एका दिवशी डोंगराच्या बाजूच्या गल्ल्यांमधून फिरताना एका घराच्या भिंतीवरून बाहेर आलेलं पाइनचं झाड दिसलं, आणि झाडात एक म्हातारा. तो हाताने जुन्या सुया उपटत होता. एकेका फांदीवरच्या एकेका झुबक्यातल्या. ती बघत राहिली. अर्धं झाड दाट होतं आणि अर्ध्यातून आकाश दिसत होतं, आणि मधली हद्द दर मिनिटाला एखाद्या बोटाएवढी सरकत होती. असं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, की माणूस काम करतोय आणि काम झालेलं तिथल्या तिथे दिसतंय. किती वेळ गेला कोण जाणे. म्हातारा वर न बघता म्हणाला, "खाली उभी राहू नकोस. डोळ्यात जाईल." मग शिडीवरून उतरला. घरातल्या बाईंनी ओट्यावर चहाचा ट्रे आणून ठेवला होता, त्यावर दोन कप होते. ती तिथे उभी आहे हे बाईंना आतून दिसलं असणार. म्हातारा ओट्यावर बसला, शेजारच्या जागेवरून हात फिरवला, म्हणाला, "दहा वाजले. बस."

ह्या धंद्यात दहाला आणि तीनला बसतात. काहीही होवो. झाड अर्धं कापलेलं असो, दगड दोरखंडाला लटकत असो, तो खाली ठेवायचा आणि बसायचं. सुरुवातीला नुपूरला हे असह्य व्हायचं. ती मागे लागायची, "ओयाकाता, पाच मिनिटांचं काम राहिलंय, ते उरकून बसू ना!" तो चहा ओतत म्हणायचा, "नुपुरु, बस." तिच्या नावातल्या शेवटच्या अक्षराला त्याने पहिल्या दिवसापासून एक जास्तीचा उकार चिकटवला होता. बसल्यावर तो एक शब्द बोलायचा नाही, नुसता कामाकडे बघायचा. ती पाय हलवत बसायची, नखं खायची, मनात सेकंद मोजायची. चार-पाच महिन्यांनी केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की आपणही बघतोय. आणि बसल्यावर जे दिसतं ते उभं असताना दिसत नव्हतं.

परीक्षेचं मैदान एका ट्रेनिंग सेंटरच्या मागे होतं. पांढऱ्या दोरीने आखलेले चौकोन, प्रत्येकात तोच ढीग : बांबू, दगड, फरशा, माती. बाराजण होते. अकरा मुलगे, बहुतेक शेती-शाळेतले, एकसारख्या टोप्या घातलेले, आणि ती. पाठीवर तिचा सात नंबर. जाळीच्या कुंपणाबाहेर थोडे आईबाप आणि मास्तर उभे होते, आणि त्यांच्यापासून जरा लांब, सेंटरच्या सायकलस्टँडपाशी, ती फुलाफुलांची छत्री. छत्रीखाली ज्या तऱ्हेने तो माणूस उभा होता, दोन्ही पाय जुळवून, प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेमागे उभं राहावं तसा, ते बघून तिला हसू आलं आणि लगेच रागही आला. ऑफिसात काय सांगून आले असतील? मुलीची परीक्षा आहे? कसली, विचारल्यावर काय म्हणाले असतील? मागच्या दिवाळीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सुरुची मावशींनी विचारलं होतं, काय करते हो नुपूर हल्ली, आणि बाबा म्हणाले होते, "लँडस्केपिंगमध्ये आहे." मध्ये आहे! जसं काही कंपनीत. ती त्यांच्या मागेच उभी होती, हातात चिवड्याची वाटी. म्हणाली, "माळीकाम करते, मावशी. तुमच्या बाल्कनीतला लिंबू वाळलाय, तो बघून देऊ का?"  घरी परतल्यावर जिना चढताना बाबा एवढंच म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो." ते वाक्य तिच्या अंगात कुसळासारखं राहिलं होतं, दिसत नाही पण टोचतं.

नऊला शिट्टी झाली. खांब चांगले बसले. आडव्या तीन बांबूंची बुंध्याची आणि शेंड्याची टोकं आलटून पालटून, हे हाताला पाठ होतं. मग उभे कापायला घेतले. उभ्या बांबूचं वरचं टोक पेराच्या अगदी लगत वर कापायचं असतं, म्हणजे पेराचा पडदा झाकणासारखा वर येतो. नाहीतर बांबूचा पेला होतो, पावसाचं पाणी त्यात साचतं, आणि दोन वर्षांत कुंपण कुजतं. हे ती आठवडाभर कापत शिकली होती. पहिला कापला, दुसरा कापला. तिसऱ्याला करवत लावताना डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी फुलाफुलांचं हललं. छत्री जाळीपाशी आली होती. करवत चालू होती. तिने बांबू जमिनीत ठोकला, बांधला, पुढचा घेतला. दोरी ओली होती, काळा रंग बोटांवर उतरत होता, आणि गाठी धडाधड पडत होत्या. मागून तिरकी, पुढे आणून फास, ओढ, काप, दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी. फेब्रुवारीपासून तिने ही गाठ घरातल्या प्रत्येक वस्तूवर मारली होती, टेबलाच्या पायांवर, खुर्च्यांवर, पडद्याच्या दांडीवर. आई म्हणायची, "माझ्यावर मारू नकोस म्हणजे झालं." बाबा पेपर बाजूला करून बघायचे, काहीतरी म्हणणार असं वाटायचं, आणि पेपर परत वर घ्यायचे.

कडेच्या दगडाने घोळ घातला. बसेचना. ह्या टोकाला ठोकला की त्या टोकाला उचलला जायचा, लेव्हलमधला बुडबुडा तिला वाकुल्या दाखवत इकडून तिकडे पळायचा. शेजारचा आठ नंबर केव्हाच फरशांवर आला होता, त्याच्या हातोड्याचा ठक ठक ठक तिच्या कानशिलात. तिने दगड काढला, माती उकरली, परत बसवला. परत तेच. मग अंगठ्यावर हातोडा बसला. आणि ते आलं. तिला ते ओळखू येत असे, पोटरीतून वर चढतं, मानेपर्यंत गरम होतं आणि त्यानंतर कान बंद होतात. बादली रिकामी करायच्या आधी आलं होतं तेच. हातोडा तिच्या हातात होता आणि तिला अगदी स्पष्ट दिसत होतं, तो कुठे जाऊन पडेल ते. मग दोरी ओलांडायची, गेटातून बाहेर, स्टेशन. सोपं आहे. यादीत अजून एक. आणि छत्रीखालचा माणूस काही बोलणार नाही, नुसता मागून चालत येईल, ते सगळ्यात वाईट. घाम डोळ्यात गेला म्हणून तिने मान वर केली. सेंटरच्या भिंतीवरचं घड्याळ. दहा वाजले होते.

तिने हातोडा खाली ठेवला. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. फ्लास्क उघडून जवाचा गार चहा झाकणात ओतला. मैदानात बाकीच्या अकरा चौकोनांत कोणी असं बसलेलं नव्हतं. परीक्षक थांबला, तिच्याकडे बघितलं, हातातल्या फळीवर काहीतरी लिहिलं. लिही. जाळीपाशी छत्री खाली आली होती. तिने तिकडे बघितलं नाही. चहा प्यायली. सेमी, झाडांतले ते किरकिरे किडे, ओरडत होते, ते जुलैभर ओरडतच असतात, पण आत्ता ऐकू आले. कान उघडले होते. बूड टेकलं की पाठ आपोआप सैल होते हे तिला वर्षभरात कळलं होतं, आणि पाठ सैल झाली की नजर. ती कुंपणाकडे बघत राहिली, नुसतीच, घरातल्या माणसाकडे बघावं तशी. आणि तिसरा बांबू तिला दिसला. बाकी सगळ्यांच्या टोकाशी पेराची कडी होती. तिसऱ्याची कडी चार बोटं खाली. पेला! रंगरूप सारखं, उंची सारखी, गाठी तर सगळ्यात सुंदर त्याच्यावरच. परीक्षकाला दिसेलच असं नाही. दिसलं तरी दोन-तीन मार्क. आणि दुसरा बांबू मिळत नाही, दिलेले मोजून दिलेले. ती अजून एक घोट प्यायली. ओयाकाताच्या यार्डात, मागे, एक कुंपण होतं वीस वर्षांपूर्वीचं, त्यातला एकच बांबू काळा पडून कुजलेला. एकदा तिने विचारलं होतं, हा काढत का नाही. तो म्हणाला, "तो माझा आहे, मीच चुकीचा कापलेला. बसून बघायला काही लागतं ना." तेव्हा तिला काही कळलं नव्हतं.

दोन मिनिटं झाली असतील. ती उठली. तिसऱ्या बांबूच्या तिन्ही गाठी कापल्या. बांबू जमिनीतून चार बोटं वर ओढला, आता कडी बरोबर रेषेत आली. खालची माती थापीच्या दांड्याने कोंबून कोंबून बसवली, कारण आता तो कमी खोल होता, जमिनीने कमी धरलं होतं, जे काय धरायचं ते आता गाठींनी. तीन नव्या गाठी. वरचा तुकडा करवतीने पेरालगत. तो जमिनीवर पडला तेव्हा बूड नसलेल्या पेल्यासारखा दिसला, तिने उचलून खिशात टाकला. मग दगडाकडे वळली, आणि दगड दुसऱ्या खेपेला बसला, जसा काही तो तिचीच वाट बघत होता. फरशा. झुडपं, तिन्हींची तोंडं पुढे. माती. केराचा शेवटचा कण. हात वर केला तेव्हा परीक्षकाने घड्याळ दाबलं : दोन तास अकरा मिनिटं. आठ नंबर कधीच संपवून टोपीने वारा घेत होता. परीक्षक चौकोनाशी वाकला. लेव्हल लावली, टेपने मोजलं, आणि मग त्याने एकेक उभा बांबू मुठीत धरून हलवून बघितला. तिसऱ्यापाशी आला. हलवला. परत हलवला. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्याकडे गेला.

दुपारी फांद्या ओळखायच्या होत्या, दहा फांद्या, दहा नावं, ते तिला काहीच नव्हतं. ती अडीचला बाहेर आली तेव्हा बाबा गेटापाशी उभे होते, लपायचं सोडून दिलेलं. दोघं स्टेशनकडे चालू लागली. छत्री त्यांनी तिच्या डोक्यावर धरली, म्हणजे स्वतः उन्हात. "जेवलात का?" "कोम्बिनीच्या दुकानातून सँडविच घेतलं. तू?" "ओनिगिरी. आईने भाताच्या गोळ्यात मेतकूट घातलं होतं." "मला नाही दिली," बाबा म्हणाले. "तुम्ही ऑफिसला चालला होतात ना," नुपूर म्हणाली, आणि त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. प्लॅटफॉर्मवर फारसं कोणी नव्हतं. बाकावर बसताना त्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाले, समोरच्या रुळांकडे बघत, "तू ती बादलीवर बसलीस ना. तेव्हा मला वाटलं, गेलं. सोडलं हिने. मी आत येणार होतो. गेटवरचा माणूस म्हणाला आत यायचं नाही. मी त्याला म्हटलं, माझी मुलगी आहे. तो म्हणाला, मग तर नाहीच."

"दहा वाजले होते, बाबा."

"म्हणजे?"

"दहाला बसायचं असतं. दहाला आणि तीनला."

"परीक्षेत पण?"

"कुठेही."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. पेपर बाजूला करायचे तेव्हाचा चेहरा. मग म्हणाले, "आणि उठल्यावर ते बांधलेलं सोडलंस का? मला कळेना. चांगलं बांधलेलं होतं." तिने खिशातून तो तुकडा काढून त्यांच्या हातात दिला आणि पाणी कसं साचतं ते सांगितलं, बोटाने दाखवून, पेर कुठे होतं, पडदा कुठे राहिला. ते तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, प्रयोगशाळेत बघत असतील तसे. आणि तिला त्यांचा अंगठा दिसला. अंगठा आणि पहिली दोन बोटं, नखांच्या कडेने काळी. हा रंग तिला माहीत होता. तो साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, चार दिवस राहतो. तिची नजर खाली गेली, बॅगेकडे. बॅगेची मूठ एका बाजूने तुटलेली होती, ती कित्येक महिने तुटायला आलीच होती, आणि तिथे काळी दोरी. तिच्याच बादलीतली, आज पहाटे चोरलेली, अजून ओलसर. गाठ जरा वाकडी होती. एक कान लांब, एक आखूड. पण तीच. मागून तिरकी, पुढे फास. हे कोणी एकदा बघून जमवत नाही. आणि तेव्हा तिला पुठ्ठे आठवले. पूर्वी दर पंधरवड्याला बुधवारी बाबा पुठ्ठ्यांचा गठ्ठा बांधून खाली ठेवायचे आणि तो सुटायचा, मग त्याच्यावर कचरावाल्यांचं लाल स्टिकर लागून परत दारात यायचा, आणि आई म्हणायची, पीएचडीला गाठी नसतात वाटतं. फेब्रुवारीनंतर एकही गठ्ठा परत आला नव्हता. तिला वाटायचं, आई बांधते. सगळं दिसतं असं म्हणवणारी ती, पाच महिने दर पंधरवड्याला त्या गठ्ठ्यांवरून उडी मारून कामाला जात होती.

तिने हात पुढे केला, गाठ मुठीत धरली आणि परीक्षकासारखी हलवली. परत हलवली. नाही सुटली.  "कान सारखे हवेत," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "दिसतंय मला."

"रिझल्ट कधी?"

"ऑगस्टच्या शेवटी. अठ्ठावीसला."

"सतरा नंबरच्या फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे," बाबा म्हणाले.

तिने मनात आठ दिवस मोजले. "मग तोपर्यंत ती निघून जाईल."

"हो," त्यांनी बांबूचा तुकडा रुमालात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. "निघून जाईल."

ते उठले, मशीनमधून चहाच्या दोन गार बाटल्या घेऊन आले, एक तिच्या हातात दिली, आणि परत शेजारी बसले. खांबावरच्या घड्याळात तीनला एक मिनिट कमी होतं. लांबून ट्रेनचं तोंड दिसलं, मग आवाज, मग ती समोर येऊन उभी राहिली. दारं उघडली, आतली थंड हवा दोघांच्या गुडघ्यांना लागली. नुपूर सवयीने उठली, बादली उचलली.

"बस," बाबा म्हणाले. "तीन वाजले."

ती बघत राहिली. अकरा वर्षांत ह्या माणसाने समोर आलेली एक ट्रेन सोडलेली नव्हती. तिने बादली खाली ठेवली आणि बसली. दारं बंद झाली. ट्रेन निघून गेली तसे समोरचे रूळ दिसायला लागले, पलीकडची भिंत, आणि भिंतीवरून वाकलेली एक फांदी, जिचं नाव तिला माहीत होतं.

"ते कुठलं झाड?" बाबांनी विचारलं.